विचारायचे कोणी, ऐकायचे कोणी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



अभ्यासशिबिराचा क्रम ठरलेला असतो. सकाळी समूहगीत, नंतर चहा आणि मग बौद्धिक. वक्ता तास-दीड तास बोलतो. समोर सतरंजीवर बसलेले तरुण वह्या उघडून टिपणे घेतात, निदान घेत आहोत असे दाखवितात. भाषण संपते, अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात आणि विचारतात, “कोणाला काही शंका?” सभागृहात शांतता पसरते. मागच्या रांगेतील एखादा कार्यकर्ता चुळबुळ करतो, शेजारी त्याला कोपराने डिवचतो, पण तो काही उठत नाही. आभारप्रदर्शन होते आणि मंडळी जेवायला जातात. पंगतीत मात्र त्याच कार्यकर्त्याला कंठ फुटतो. जे सांगितले गेले ते आपल्या तालुक्याला कसे लागू पडते, आपल्याकडचा मजूर तर असे म्हणत नाही, मग चूक कोणाची, असे एकाहून एक सरस प्रश्न तेथे निघतात. त्या वेळी वक्ता दुसऱ्या खोलीत, पदाधिकाऱ्यांच्या पंगतीला बसलेला असतो.

यातला ‘शंका’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रश्नाला उत्तर असते, शंकेला समाधान असते. शंका ही मनाला लागलेली व्याधी, ती जाणत्याने दूर करावयाची, असा त्यात अर्थ भरलेला आहे. ज्याला शंका आली तो कच्चा आणि ज्याला आली नाही तो पक्का, अशी समजूत त्या एका शब्दातून सतरंजीवर पसरते, आणि मग कोण कशाला उठेल?

शहाणपण मुकाट्याने ऐकल्याने येते की प्रश्न विचारल्याने येते, हा वाद फार जुना आहे. वडीलधारी मंडळी सांगतात, आधी ऐकून घ्यावे, दहा पावसाळे पाहावेत, मग तोंड उघडावे. तरुण म्हणतात, ऐकून ऐकूनच हा समाज बहिरा झाला, आता जाब विचारला पाहिजे. दोन्ही बाजूंना आपापले दाखले आहेत आणि वक्तृत्वस्पर्धेला हा विषय चांगला आहे. परंतु समाजवादी विचाराच्या माणसाने या वादात शिरण्यापूर्वी एक पायरी मागे जायला हवे. आजवर ऐकण्याचे काम कोणाकडे होते आणि विचारण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे आधी पाहिले पाहिजे.

मराठी भाषाच याची साक्ष देते. घरात पाहुणे असताना प्रश्न विचारणारा मुलगा ‘चौकस’ ठरतो. पाहुणे गेले की तोच ‘आगाऊ’ होतो. सुनेने विचारले तर ती ‘उलट बोलते’. गड्याने मजुरीचा हिशेब विचारला तर तो ‘माजला’. शेतकऱ्याने कचेरीत नियम विचारला तर ‘हा आम्हाला कायदा शिकवतो’. आणि साहेबाने विचारले तर तिला म्हणतात ‘चौकशी’. क्रिया एकच, पण विचारणारा कोणत्या पायरीवर उभा आहे त्याप्रमाणे तिचे नाव पालटते. गरीब माणसाला आयुष्यभर प्रश्न ऐकावेच लागतात. फौजदार विचारतो, सावकार विचारतो, रेशनच्या दुकानात विचारतात, बँकेत विचारतात. उत्तरे देण्यात त्याचा जन्म जातो. तेव्हा प्रश्न विचारणे ही गोष्ट आपोआपच क्रांतिकारक आहे, असे समजण्याचे कारण नाही.

प्राचीन परंपरेचा आधार दोन्ही पक्ष घेतात. वेदान्ताने श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम लावला आणि श्रवणाला अग्रस्थान दिले. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाची साधने सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न येतो. म्हणजे प्रश्नाला जागा आहे, पण आधी वाकावे आणि नंतर राबावे. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारत जाते, तेव्हा फार विचारशील तर डोके गळून पडेल, अशी ताकीद तिला मिळते. ती गप्प होते, पण पुढे त्याच सभेत दोन प्रश्न घेऊन पुन्हा उभी राहते. हा भाग सांगायचा बहुतेक पुराणिक विसरतात. आणि ज्या श्रवणाचा एवढा महिमा गायिला गेला, तेही सर्वांना खुले नव्हते. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला धातुरस ओतावा, असे गौतम धर्मसूत्रात सांगितले आहे. जे ज्ञान होते ते ऐकण्याची बंदी आणि जी आज्ञा होती ती ऐकण्याची सक्ती, असा हा दुहेरी बंदोबस्त होता.

महात्मा फुल्यांनी हा बंदोबस्त नेमका ओळखला. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो आणि ते कुटुंब कर्जात बुडते. ती बाई आणि तिचा नवरा मूर्ख नाहीत, कष्टाळू आणि भले आहेत. त्यांचा दोष इतकाच की जोशी सांगतो ते ती दोघे ऐकतात. विचारण्याचे काम नाटकभर विदूषक करतो आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राइझ कमिटीने त्या नाटकाला आश्रय दिला नाही, यात नवल ते काय?

आता या विषयाचे एक उदाहरण जरा निवांतपणे पाहू. ते आहे चंपारणचे.

दक्षिण आफ्रिकेतून १९१५ च्या जानेवारीत गांधी परत आले तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले. एक वर्ष देश पाहावा, अनुभव घ्यावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. पंचेचाळिशी उलटलेल्या, वीस वर्षांच्या लढ्यातून तावून निघालेल्या माणसाला हे सांगणे सोपे नव्हते आणि ऐकणे त्याहून सोपे नव्हते. पुढच्याच महिन्यात गोखले वारले. वचन मागणारा राहिला नाही, तरी गांधींनी ते पाळले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ते हिंडले आणि पाहत-ऐकत राहिले. (वर्ष संपल्यावर १९१६ च्या फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभासाठी ते बनारसला बोलले, तेव्हा व्यासपीठावरचे राजेरजवाडे उठून गेले. मौनाचे व्याज असे एकदम वसूल झाले.)

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लखनौ काँग्रेसमध्ये राजकुमार शुक्ल नावाचा चंपारणचा शेतकरी त्यांच्यापाशी आला. निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम त्याने सांगितला आणि काँग्रेसमध्ये यावर ठराव मांडा अशी गळ घातली. गांधींनी नकार दिला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मत देणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ठराव ब्रजकिशोर प्रसादांनी मांडला, तो संमतही झाला आणि ठरावांच्या राशीत जाऊन पडला. शुक्ल मात्र पिच्छा सोडीना. अखेर १९१७ च्या एप्रिलमध्ये तो गांधींना बिहारमध्ये घेऊन गेला.

तेथे गेल्यावर गांधींनी पहिले प्रश्न शेतकऱ्यांना विचारले नाहीत. शेतकऱ्यांचे खटले चालविणाऱ्या वकिलांना विचारले. तुम्ही फी किती घेता? आकडे ऐकून ते थक्क झाले. हे वकील मनापासून शेतकऱ्यांच्या बाजूचे होते, त्यांच्यासाठी झटत होते. आणि तरीही तो प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. मग ते मळेवाल्यांच्या संघाच्या चिटणिसाला भेटले, तिरहूतच्या कमिशनरला भेटले. दोघांनीही तुमचा येथे संबंध काय, असे सुनावले. मोतीहारीत जिल्हा सोडण्याचा हुकूम आला, तो त्यांनी मोडला, १८ एप्रिलला कोर्टात उभे राहून मोडल्याचे कबूल केले, आणि पुढे खटला काढून घेण्यात आला. ही हकीकत शाळेच्या पुस्तकातही आहे. पुस्तकात जे थोडक्यात आटोपते ते यानंतर घडले, आणि आजच्या विषयाचे मर्म तेथे आहे.

खेड्याखेड्यांतून शेतकरी येऊ लागले, दिवसभर रांगा लागू लागल्या. राजेंद्रप्रसाद, ब्रजकिशोर प्रसाद यांच्यासारखे नामांकित वकील चटईवर बसून जबान्या लिहून घेऊ लागले. त्या हजारोंच्या घरात गेल्या. पण ज्याने जे सांगितले ते जसेच्या तसे उतरवून घ्यायचे नाही, असा गांधींचा दंडक होता. प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायची, खोदून खोदून विचारायचे आणि जो टिकणार नाही त्याची जबानी बाजूला ठेवायची. पोलिसांच्या गुप्त शाखेचा माणूस खोलीत बसून असे. त्याला हाकलले तर नाहीच, उलट सौजन्याने वागविले.

जरा कल्पना करून पाहावी. पिढ्यान्‌पिढ्या मुकादमाच्या आणि शिपायाच्या प्रश्नांना घाबरलेला तो शेतकरी. आता एक वकील त्याला विचारतो आहे: तुझी जमीन किती? नीळ किती कठ्ठ्यांत लावलीस? पैसे किती मिळाले? पावती आहे का? तोच प्रश्न, कदाचित तोच दरडावल्यासारखा सूर. फरक एकच की उत्तर संपेपर्यंत समोरचा माणूस थांबतो, ते लिहून घेतो आणि खरे निघाले तर त्यासाठी तुरुंगात जायला तयार आहे. आपली गोष्ट पुराव्याच्या योग्यतेची आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे, हा मान त्या शेतकऱ्याला बहुधा पहिल्यांदाच मिळत होता. नुसते ऐकून डोळे पुसले असते तर त्याला दिलासा मिळाला असता, हक्क मिळाला नसता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही या चौकशीचे महत्त्व मोठे आहे. चंपारणात वीस कठ्ठ्यांचा एक बिघा होई आणि त्यातल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची कुळावर सक्ती होती, म्हणून ‘तीनकठिया’. परंतु जर्मनीत १८९७ पासून कृत्रिम नीळ कारखान्यात तयार होऊन विकली जाऊ लागली आणि वनस्पतीच्या निळीचा बाजार बसला. मळेवाल्यांना आता नीळ नकोच होती. सरळ विचार केला तर कुळांची सुटका व्हायला हवी होती. मळेवाल्यांनी त्या सुटकेचीच किंमत लावली. निळीच्या बंधनातून मोकळे करतो, त्याबद्दल सारा वाढवून द्या, याचे नाव ‘शरहबेशी’. किंवा एकरकमी पैसे मोजा, याचे नाव ‘तावान’. शेतकऱ्याची तक्रार होती की साहेब पैसे मागतो. ती खरीच होती. पण साहेब आताच का मागतो, पूर्वी का मागत नव्हता, हे विचारल्याशिवाय तक्रारीचा धागा जर्मनीतल्या कारखान्यापर्यंत पोचत नाही. जागतिक बाजारातील मंदीचा तोटा भांडवलदाराने कुळाच्या पाठीवर टाकला, ही गोष्ट कोणत्याही एका जबानीत नव्हती. ती हजारो जबान्या एकमेकींशेजारी ठेवून, प्रत्येकीला तोच प्रश्न विचारल्यावर दिसली.

सरकारला समिती नेमावी लागली, गांधी तिचे सभासद झाले आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली. तावानाची रक्कम मात्र पूर्ण परत मिळाली नाही, एकचतुर्थांशच मिळाली. त्या तडजोडीवर तेव्हाही टीका झाली आणि आजही करता येईल.

चंपारणला निघालेले गांधी वाटेत मुझफ्फरपूरला उतरले. त्यांना घ्यायला रात्री विद्यार्थ्यांसह स्टेशनवर आलेला तरुण प्राध्यापक म्हणजे जीवतराम कृपलानी. शेहेचाळीस वर्षांनी, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वासाचा ठराव नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेत आला, तो मांडणारे हेच आचार्य कृपलानी. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण त्या चर्चेत फारुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच आलेले डॉ. राममनोहर लोहिया यांनी एक प्रश्न टाकला, तो मतमोजणीत पडला नाही. देशातील सत्तावीस कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात, हे खरे की खोटे?

पंतप्रधानांनी नियोजन मंडळाच्या आधारे उत्तर दिले, तीन नव्हे, पंधरा आणे. (दशमान नाणी येऊन सहा वर्षे झाली होती, तरी वाद आण्यांतच झाला. भुकेचा हिशेब जुन्याच नाण्यांत चालतो.) पंधरा आणे रोज म्हणजे वर्षाला सुमारे ३४२ रुपये. राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की असा आकडा येतो. तो खोटा नव्हता. तो सरासरीचा होता. गिरणीमालकाचे आणि गिरणीत झाडू मारणाऱ्याचे उत्पन्न एकत्र करून दोनाने भागले, तर उत्तर गणिताला धरून असते आणि झाडू मारणाऱ्याच्या पोटाला काही धरून नसते. लोहियांचा प्रश्न सरासरीचा नव्हताच. तळच्या साठ टक्क्यांचा होता. वाद वाढला, सप्टेंबरात त्यावर लोकसभेत स्वतंत्र चर्चा झाली आणि सरकारच्याच बाजूने तळच्या साठ टक्क्यांसाठी साडेसात आण्यांचा आकडा पुढे आला. लोहियांचा आकडा जसाच्या तसा टिकला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण पंधराचे साडेसात झाले, ते त्या प्रश्नामुळेच झाले.

तज्ज्ञांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. १९६२ सालीच जाणकारांच्या एका गटाने १९६०-६१ च्या किमतींना दरमहा दरडोई वीस रुपये हे किमान राहणीमान मानावे असे सुचविले होते. म्हणजे रोजचे पावणेअकरा आण्यांच्या आसपास. माहिती सरकारी कपाटात होती; तिला तोंड फुटले नव्हते. पुढे १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरेशा आहारासाठी ग्रामीण भागात वर्षाला १८० आणि शहरात २७० रुपये दरडोई लागतात, असे त्यांनी १९६०-६१ च्या किमतींना मांडले. आण्यांत सांगायचे तर खेड्यात रोज सुमारे आठ आणे, शहरात सुमारे बारा. ग्रामीण जनतेपैकी चाळीस टक्के आणि शहरी जनतेपैकी पन्नास टक्के या रेषेखाली होते. लोकसभेतला राजकीय प्रश्न आठ वर्षांनी मोजमापाच्या कक्षेत आला होता.

हे मोजमाप कशावर उभे होते? १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर. म्हणजे ओट्यावर बसून, या घरात महिन्याला किती ज्वारी लागते, तेल किती, कापड किती, असे विचारणाऱ्या आणि उत्तर ऐकून लिहिणाऱ्या अन्वेषकांवर. विद्वत्तेच्या मुळाशी ही साधी क्रिया आहे. ती बिघडली की वरचा सारा डोलारा हलतो. १९९९-२००० च्या पाहणीत अन्नाचा खर्च मागील तीस दिवसांचा आणि मागील सात दिवसांचा असा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी विचारला गेला. एका उत्तराने दुसऱ्याला ओढले आणि देशातील गरिबी किती घटली यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले.

स्त्रियांच्या बाबतीत तर प्रश्नाची चूक याहून खोल गेली. दारात आलेला सरकारी माणूस विचारतो, “बाई काय काम करतात?” नवरा उत्तर देतो, “काही नाही, घरीच असते.” पुष्कळदा ती स्वतःही हेच सांगते. पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून, शेण काढून, दुपारी निंदणीला जाऊन आलेली ती बाई ‘काही नाही’ या रकान्यात बसते. अन्वेषकाने विचारले, ऐकले आणि प्रामाणिकपणे लिहिले. तरी हाती आले ते असत्य. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी झाली तेव्हा प्रश्नच पालटला. काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय केले ते क्रमाने सांगा. २०१९ साली अशी पाहणी देशभर झाली. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात आणि जे पुरुष असे काम करतात त्यांची ९७ मिनिटे, असे दिसून आले. (आणि करणाऱ्या पुरुषांची संख्याच फार थोडी.) पाच तासांचे काम ‘काही नाही’ या दोन शब्दांत किती काळ दडून राहिले होते! नुसते शांतपणे ऐकणाऱ्याला ते कधीच सापडले नसते, कारण सांगणारीलाही ते सांगण्याजोगे वाटत नव्हते.

तेव्हा मुकाट ऐकावे असे म्हणणाऱ्यांना विचारले पाहिजे, कोणाचे? आणि प्रश्न विचारावा असे म्हणणाऱ्यांनाही विचारले पाहिजे, कोणाला? सत्तेच्या पायरीवर जो वर बसला आहे त्याला प्रश्न विचारायचा असतो, आणि जो खाली उभा आहे त्याचे ऐकायचे असते. आपल्या चळवळीत अनेकदा याच्या उलट घडते. नेत्याचे ऐकले जाते आणि मजुराला प्रश्न विचारले जातात: मोर्चाला का आला नाहीस, वर्गणी का दिली नाहीस, मत कोणाला दिलेस? ही चौकशी झाली. तिच्यात आणि मुकादमाच्या चौकशीत मजुराला फरक दिसला नाही तर रागावण्याचे कारण नाही. मोर्चाला माणूस आला नाही त्याला एखादे कारण असते. त्या दिवशी हजेरी बुडाली तर आठवड्याचा बाजार बुडतो, हे कारण सभेच्या इतिवृत्तात कधी लिहिले जात नाही. तेथे ‘जनजागृती कमी पडली’ असे लिहितात.

समाजवादी पक्षाची मांडणी १९३० नंतरच्या दशकात नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली, हे सर्वांना माहीत आहे. जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, नानासाहेब गोरे अशी माणसे तेथे एकत्र होती. कोणी अमेरिकेत शिकलेले, कोणी इंग्लंडात, कोणी पुण्या-मुंबईत. पक्ष १९३४ साली स्थापन झाला, त्या आधीच्या या तुरुंगात ना अध्यक्ष होता, ना पदाधिकाऱ्यांची पंगत. सर्वांना एकच बराक आणि भरपूर वेळ. पुढे यांपैकी काहींच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या की मसानी स्वतंत्र पक्षात जाऊन पोचले. एकमेकांना प्रश्न विचारणाऱ्या मंडळींचे असे होते. एकाचेच ऐकणाऱ्यांचे होत नाही, ती एकत्र राहतात आणि एकत्रच चुकतात. शिबिरातील ‘कोणाला काही शंका?’ या विधीची लाज वाटावी ती या वारशामुळे. निदान एवढे करता येईल, की वक्त्याने आधी अर्धा तास ऐकावे आणि मग बोलावे. तालुक्यातून आलेल्याने आपल्या तालुक्याचे सांगावे, आणि वक्त्याची पाटी त्याच पंगतीत मांडावी.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई भरविली. ‘सुनवाई’ म्हणजे ऐकणे. तेथे भाषणे दुय्यम होती. दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि बिले गावापुढे मोठ्याने वाचून दाखवायची, एवढाच कार्यक्रम. लोक ऐकू लागले. त्या भागातील अशा सुनवायांत कामावर कधी न गेलेल्यांची नावे, मेलेल्यांची नावे, न बांधलेल्या कामांची बिले लोकांच्या कानांवर पडली, आणि मग ज्यांनी आयुष्यात सरकारी माणसापुढे तोंड उघडले नव्हते ते उठून विचारू लागले. ऐकल्यावाचून तो प्रश्न सुचला नसता, आणि विचारण्याची मुभा नसती तर ते ऐकणे म्हणजे पोथीच झाली असती. या मागणीतून माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली. महाराष्ट्रात २००२ चा कायदा झाला, देशासाठी २००५ चा.

त्या कायद्यालाही एक कुंपण आहे, ते कार्यकर्त्याने जाणून घेतले पाहिजे. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने असा निर्णय दिला की माहिती म्हणजे कचेरीत असलेली कागदपत्रे. एखादी गोष्ट ‘का’ केली किंवा ‘का’ केली नाही याचे उत्तर माहितीच्या व्याख्येत येत नाही. कायद्याच्या भाषेचा विचार करता न्यायालयाचे म्हणणे समजण्यासारखे आहे. म्हणजे अर्ज करून कागद मिळेल, ‘का’ मिळणार नाही. ते समोरासमोर विचारावे लागते, आणि ते विचारण्याची जागा कायद्याने खेड्यातच दिली आहे.

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते लागतात. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. म्हणून पुष्कळ गावांत सभा तहकूब होण्याचीच वाट पाहिली जाते. नंतर ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि पाच-दहा माणसे पंचायतीच्या खोलीत बसतात. पहिला विषय नेहमीचा असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचणारा एका दमात वाचून जातो, ऐकणारे माना डोलावतात आणि ते कायम होते. त्या वहीत रस्ता असतो, घरकुलांची यादी असते, विहिरीची दुरुस्ती असते. जवळच्या गावांतील ग्रामसभांच्या तारखा शिबिराच्या फळ्यावर लिहून ठेवल्या आहेत. येथून परतणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशी भाषण करू नये. बायाबापड्यांच्या मधे सतरंजीवर बसावे, आणि पहिला विषय पुकारला की वाचणाऱ्याला एवढेच सांगावे, की जरा सावकाश वाचा, मागे ऐकू येत नाही.